फिरत्या खुर्चीतल्या माणसाचे म्हणणे

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात विल्यम सॉंडर्स हॅलरन नावाचा डॉक्टर होता. त्याने १८१८ साली छापलेल्या पुस्तकात एका यंत्राचे वर्णन आहे. उभ्या दांड्याभोवती फिरणारी बैठक, तीत एका वेळी चार रुग्णांना बांधून बसवण्याची सोय, आणि वेग मिनिटाला शंभर फेऱ्यांपर्यंत. इतक्या वेगाने फिरवल्यावर माणूस पांढराफटक पडतो, त्याच्या पोटात ढवळते, उलटी होते, हातापायांतले त्राण जाते आणि बऱ्याचदा मग गाढ झोप लागते. हॅलरनला हेच हवे होते. आदळआपट करणारा रुग्ण खुर्चीतून उतरला की गरीब गाय होतो, याचे त्याला समाधान होते. मानसोपचाराच्या इतिहासात ही खुर्ची क्रौर्याच्या प्रकरणात येते आणि ते रास्तच आहे. पण तशीच फिरती खुर्ची पंचावन्न वर्षांनी प्रागमध्ये दिसते, आणखी तीसेक वर्षांनी व्हिएन्नात दिसते, आणि तिथे ती वेगळेच काम करते: माणूस आपला तोल कसा सांभाळतो याचा उलगडा तिच्यामुळे होतो. फिरवणे तेच, मळमळही तीच. मग कॉर्कमध्ये जे कुणालाच कळले नाही ते प्रागमध्ये कसे कळले? यंत्र सुधारले, शरीरशास्त्र पुढे गेले, हे उत्तर खोटे नाही. पण ते पुरत नाही. माझ्या मते मोठा फरक हा की कॉर्कच्या खुर्चीत बसलेल्याचे म्हणणे कुणी विचारात घेत नव्हते, आणि प्रागच्या खुर्चीत घेतले जात होते.

खुर्चीची कल्पना हॅलरनची नव्हे. ती येते इरॅस्मस डार्विनकडून. हा उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचा आजोबा, मोठा नावाजलेला डॉक्टर आणि कवी. १७९४ ते १७९६ या काळात आलेल्या ‘झूनोमिया’ या त्याच्या ग्रंथात भोवळीवर सविस्तर लिहिलेले आहे. कालवे बांधणारा प्रसिद्ध इंजिनियर जेम्स ब्रिंडली याने सांगितलेली एक हकिकत डार्विन तिथे नोंदवतो: पिठाच्या गिरणीतल्या मोठ्या तळीवर माणूस आडवा झाला आणि तळी हळूहळू फिरवायला घेतली, तर तिने पुरता वेग धरण्याआधीच तो झोपी जातो. यावरून डार्विनला फिरत्या पलंगाची कल्पना सुचली. जोसेफ मेसन कॉक्स हा ब्रिस्टलजवळ फिशपॉंड्स इथे वेड्यांचे खासगी इस्पितळ चालवत असे. त्याने ती प्रत्यक्षात आणली आणि १८०४ मध्ये वेडावर लिहिलेल्या पुस्तकात तिची शिफारस केली. अंधारात फिरवावे, जोडीला विचित्र आवाज आणि वास सोडावेत, म्हणजे परिणाम वाढतो, असा त्याचा सल्ला होता. बर्लिनच्या शारिते इस्पितळात एर्न्स्ट हॉर्नने खुर्ची आणि पलंग दोन्ही वापरले. फिलाडेल्फियात बेंजामिन रश यानेही फिरवण्याचा उपाय सांगितला. पंधरा-वीस वर्षांत ही चाल युरोपभर आणि अटलांटिकपार पोहोचली.

या डॉक्टरांनी निरीक्षणे केली नाहीत असे मुळीच नाही. नाडी किती मंदावली, उलटी किती वेळाने झाली, पोट साफ झाले का, झोप किती तास लागली, हे ते बारकाईने लिहीत. रुग्ण घाबरतो हेही लिहीत, आणि ते फायद्याच्या रकान्यात टाकत. मात्र खुर्ची थांबल्यावर रुग्णाला भिंती कोणत्या बाजूला पळताना दिसतात, डोळे मिटल्यावर काय वाटते, मान वाकवली तर काय बदलते, असले प्रश्न त्यांच्या लिखाणाच्या केंद्रस्थानी कधी आले नाहीत. हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हता. ज्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवता येत नाही म्हणून ज्याला इस्पितळात डांबले, त्याने ‘खोली उजवीकडे फिरते आहे’ असे सांगितले तर ते वेडाचे आणखी एक लक्षण ठरणार. शेकडो माणसे हजारो फेऱ्या फिरली असतील. त्या सगळ्या फेऱ्यांतून तोलाविषयी एक वाक्यही हाती लागले नाही.

त्याच काळात दोन माणसांनी बरेच काही शोधून काढले. ते दोघे स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करत होते, हा योगायोग मानायला मी तयार नाही. पहिला विल्यम चार्ल्स वेल्स. १७९२ मध्ये त्याने केलेला प्रयोग कुणालाही घरी करता येईल इतका साधा आहे. मेणबत्तीच्या ज्योतीकडे थोडा वेळ टक लावून पाहिले की नजर वळवल्यावरही तिचा डाग डोळ्यांपुढे राहतो. हा डाग डोळ्याच्या पडद्यावर उमटलेला असतो, त्यामुळे डोळा हलेल तसाच तो हलणार. वेल्सने ज्योत पाहिली, स्वतःभोवती गिरक्या घेतल्या, थांबला आणि कोऱ्या कागदाच्या मध्यावर नजर रोखली. नजर स्थिर आहे असे त्याला वाटत होते, पण डाग कागदावरून सरकत होता. म्हणजे गिरक्या थांबल्यावरही डोळे आपसूक हलत राहतात आणि त्यांच्या मालकाला त्याचा पत्ता नसतो. इरॅस्मस डार्विनने हे मानले नाही. त्यावरून दोघांत छापील वाद झाला. भोवळीचा उपचारात उपयोग सुचवणारा चुकला आणि मेणबत्तीवाला बरोबर निघाला. दुसरा यान पुर्किन्ये, प्रागचा. १८२० मध्ये त्याने दाखवले की मान खांद्याकडे झुकवून गिरक्या घेतल्या आणि थांबून मान सरळ केली, तर जग फिरण्याचा आसही मानेबरोबर वळतो. जग कोणत्या आसाभोवती गरगरणार हे शरीराच्या नव्हे, डोक्याच्या स्थितीवर ठरते, हा मोठा शोध होता. कारण सांगताना मात्र तो चुकला. मेंदू मऊ असतो, तो मागे रेंगाळतो, असे त्याला वाटले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पॅरिसमध्ये पिएर फ्लुरांस कबुतरांच्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या कापत होता आणि १८३० पर्यंत त्याने ते निष्कर्ष छापलेही. एक नळी कापली की पक्ष्याचे डोके त्याच नळीच्या पातळीत झटके देऊ लागे. दुसरी कापली की दुसऱ्या पातळीत. ऐकण्यात फरक पडत नसे. कबुतर तर काहीच बोलत नाही. मग बोलणे-ऐकणे हवेच कशाला? याचे उत्तर पुढच्या चाळीस वर्षांत आहे. फ्लुरांसच्या हातात अवयव होता, पण या नळ्या हालचालींना आवर घालतात एवढेच त्याला वाटले. त्यातून काही जाणवते, डोळे-नाक-कानासारखे हेही एक ज्ञानेंद्रिय आहे, हे त्याच्या मनात आले नाही. धडपडणारे कबुतर पाहून त्याची हालचाल बिघडली एवढेच दिसते. त्याला जग फिरताना दिसते की नाही हे कबुतर सांगत नाही. दुवा जोडला तो प्रॉस्पेर मेनियेर या डॉक्टराने. हा पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचा प्रमुख, त्यामुळे कानाच्या दुखण्याचे रोगी आपले गाऱ्हाणे घेऊन त्याच्याकडे येत: अचानक भोवळ येते, उलटी होते, कानात गुणगुण होते, ऐकू कमी येते. त्या काळी अशा झटक्याला डॉक्टर मेंदूतला रक्ताचा कोंडमारा म्हणत, जळवा लावत आणि रक्त काढत. १८६१ च्या जानेवारीत मेनियेरने पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे सांगितले की हे दुखणे मेंदूचे नाही, आतल्या कानाचे आहे, आणि फ्लुरांसच्या कबुतरांचा दाखला दिला. सभेने थंडपणे ऐकून घेतले. पुढच्याच वर्षी मेनियेर वारला.

१८७० मध्ये फ्रीडरिश गोल्ट्झने या नळ्यांना तोलाचे इंद्रिय म्हटले, आणि मग १८७३ च्या अखेरीपासून १८७४ च्या आरंभापर्यंतच्या काही आठवड्यांत तीन माणसे एकमेकांच्या नकळत जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचली. प्रागमध्ये पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक एर्न्स्ट माख, व्हिएन्नात पुढे फ्रॉइडचा सहकारी म्हणून ओळखला गेलेला डॉक्टर योझेफ ब्रॉयर, एडिंबरात रसायनशास्त्रज्ञ क्रम ब्राउन. आगगाडी वळण घेत असताना बाहेरची घरे आणि झाडे तिरकी दिसतात, हे पाहून माखच्या मनात हा विषय शिरला. त्याने चौकटीत बसवलेली फिरती खुर्ची करून घेतली, तिच्यावर कागदी खोके घातले म्हणजे बाहेरचे काही दिसू नये, आणि आत बसला. क्रम ब्राउनने माणसाचे डोळे बांधून त्याला फिरत्या पाटावर बसवले. दोघांनाही एकच गोष्ट आढळली. एकसारख्या वेगाने फिरत राहिले की थोड्या वेळाने फिरतो आहोत ही जाणीवच विझते. आणि थांबवले की आपण उलट्या दिशेने फिरतो आहोत असे पक्के वाटते. याचा खुलासा असा: पाण्याने भरलेला तांब्या हातात धरून फिरवला तर पाणी आधी मागे राहते, मग तांब्याबरोबर फिरू लागते, आणि तांब्या थांबला तरी फिरत राहते. आतल्या कानातल्या तीन नळ्या एकमेकींशी साधारण काटकोनात असतात, त्यांत पातळ द्रव असतो, आणि द्रव मागे-पुढे राहिला की आतल्या पेशींचे बारीक केस वाकतात. म्हणून हे इंद्रिय वेग मोजत नाही, वेगातला बदल मोजते. नळीत नेमके काय घडते याबद्दल तिघांचे तपशील जुळत नव्हते, पण खुर्चीतली अनुभूती सगळ्यांची एकच होती. हॅलरनच्या चार रुग्णांनाही हेच जाणवले असणार. कुणी विचारले नाही.

यापेक्षा ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. नळ्या हे तोलाचे इंद्रिय असेल तर ज्यांचा आतला कान निकामी झाला आहे अशांपैकी अनेकांना भोवळ येता कामा नये, असा तर्क मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने केला आणि मूकबधिर शाळांमधून माहिती गोळा केली. १८८२ मध्ये त्याने निकाल छापला: ५१९ मूकबधिरांपैकी १८६ जणांना कितीही गरगर फिरवले तरी भोवळ येत नव्हती, १३४ जणांना जेमतेम येत होती. हार्वर्डच्या सुमारे दोनशे विद्यार्थी-शिक्षकांत भोवळ न येणारा फक्त एक निघाला. जेम्सने मूकबधिरांना पाण्यात बुडी मारल्यावर काय होते हेही विचारले, आणि काहींनी कळवले की पाण्याखाली वर कुठे नि खाली कुठे हे समजेनासे होते. हे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत सुचले नसते. जमिनीवर पायांना जमीन लागते आणि डोळ्यांना क्षितिज दिसते, म्हणून त्यांचे चालणे ठाकठीक असे. गढूळ पाण्यात दोन्ही आधार जातात. ज्यांना समाजाने ‘मुके’ म्हणून बाजूला सारले होते त्यांच्याच सांगण्यावर तोलाच्या इंद्रियाचा हा भक्कम पुरावा उभा राहिला.

यातूनच एक गोष्ट स्पष्ट होते: तोल म्हणजे फक्त कान नव्हे. बर्लिनच्या मॉरिट्झ रोम्बेर्गने १८४० च्या दशकातच नोंदवले होते की पाठीच्या कण्याचे विशिष्ट दुखणे असलेला माणूस डोळे मिटताच डोलू लागतो. सकाळी तोंड धुताना असे रोगी धडपडतात. त्यांचा कान शाबूत असतो. पाय आणि सांध्यांकडून येणारी खबर तुटलेली असते आणि ती उणीव डोळे भरून काढत असतात. कान, डोळे आणि सांधे या तिघांचा कौल घेऊन मेंदू निर्णय करतो, आणि एक गप्प बसला तरी उरलेले दोघे वेळ मारून नेतात. बाकी पाच इंद्रियांच्या मानाने हे इंद्रिय इतके उशिरा का सापडले याचेही कारण इथेच असावे. डोळा मिटला की अंधार होतो, कान झाकला की शांतता. पण तोलाचे इंद्रिय नीट चालू असताना काहीच जाणवत नाही.

माझ्या मुद्द्याला दुसरा आक्षेप असा घेता येईल की शास्त्राने अखेर बोलण्यावर विसंबून न राहता मोजता येणारा पुरावा मिळवला. हे खरे आहे, आणि तो मिळवण्याची एक रीत तर फारच गमतीची आहे. कोळंबीच्या तोलाच्या पिशवीत वाळूचे कण असतात. कात टाकल्यावर ती नवे कण भरून घेते. व्हिएन्नाच्या आलोइस क्राइडलने १८९३ मध्ये वाळूऐवजी लोखंडाचा कीस ठेवला, आणि कोळंबीने तोच भरून घेतल्यावर जवळ लोहचुंबक धरला. कोळंबी चुंबकाच्या ओढीप्रमाणे तिरकी झाली. तिच्या दृष्टीने ‘खाली’ आता चुंबकाच्या बाजूला सरकले होते. पण हा प्रयोग सुचला तो माणसांनी सांगितलेल्या अनुभवांतून तयार झालेला सिद्धान्त हाती असल्यामुळे. मोजमापाने सिद्धान्त तपासला. प्रश्न माणसांच्या सांगण्यातून आला होता.

रॉबर्ट बारानीची गोष्ट याला तंतोतंत लागू पडते. व्हिएन्नात तो कानाचा डॉक्टर होता. कान पिचकारीने धुताना अनेकांना भोवळ येई आणि त्यांचे डोळे झटके देत, हे त्याच्या पाहण्यात होते. एका रुग्णाने तक्रार केली की पाणी पुरेसे कोमट नसले की असे होते. बारानीने परिचारिकेला गरम पाणी आणायला सांगितले. आहे तेच पुरेसे गरम आहे, असे ती म्हणाली. रुग्णाला गार वाटते ना, मग त्याच्या म्हणण्याप्रमाणे करू, असे बारानीने उत्तर दिले. पुढच्या खेपेला तिने कढत पाणी आणले आणि रुग्ण ओरडला की आता फारच गरम आहे आणि पुन्हा चक्कर येते आहे. बारानीने डोळ्यांकडे पाहिले. झटके आता उलट्या दिशेने होते. घरातल्या पाणी तापवायच्या बंबाची त्याला आठवण झाली: वरचे पाणी गरम, खालचे गार, कारण तापलेले पाणी वर चढते. तसाच कानातला द्रव वर किंवा खाली सरकत असणार. या चाचणीने एकेका बाजूचा कान स्वतंत्रपणे तपासता येऊ लागला. १९१४ चे नोबेल त्याला १९१५ मध्ये जाहीर झाले तेव्हा तो रशियाच्या कैदेत होता. प्शेमिस्लचा किल्ला पडला तेव्हा ऑस्ट्रियन सैन्याचा डॉक्टर म्हणून पकडला गेला होता आणि मध्य आशियातल्या मर्वमध्ये ठेवला होता. स्वीडनच्या राजपुत्राच्या खटपटीने सुटून १९१६ मध्ये त्याने स्टॉकहोमला जाऊन पारितोषिक घेतले. बंबाचा खुलासा अर्थात पुरा नव्हता. १९८३ मध्ये स्पेसलॅब-१ या यानात, जिथे गरम द्रव वर चढण्याचा प्रश्नच नाही, तिथेही कानाला उष्णता दिल्यावर डोळ्यांनी झटके दिले. रुग्णाचे सांगणे टिकले. डॉक्टराने दिलेल्या कारणात भर घालावी लागली.

वेड्यांच्या इस्पितळातली खुर्ची आणि माखची खुर्ची यांत सरळ वारसा आहे असे मी म्हणत नाही. कॉक्सची खुर्ची एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अडगळीत गेली होती, आणि माख आगगाडीच्या वळणावरून तिथे आला. उलट, वारसा नसल्यामुळेच तुलना जास्त बोलकी होते.

बोलणाऱ्याचे सगळेच खरे मानायचे का, हा प्रश्न मात्र उरतो, आणि त्याचे उत्तर वैमानिकांनी दिले. पहिल्या महायुद्धापासून वैमानिक निवडताना बारानीच्या नावाच्या खुर्चीत फिरवून परीक्षा घेत. १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्डवर डेव्हिड मायर्स या लष्करी डॉक्टरने विल्यम ओकर या मुरलेल्या वैमानिकाला डोळे झाकून फिरवले. खुर्ची मंदावली तेव्हा ओकर म्हणाला थांबली. थांबली तेव्हा म्हणाला उलटी फिरते आहे. तो लबाडी करत नव्हता, त्याला तसेच वाटत होते; आणि ढगांत शिरलेले वैमानिक विमान आदळून का मरतात हे त्याच्या लक्षात आले. पुढच्या खेपेला तो एक खोके घेऊन आला, त्यात वळण दाखवणारे यंत्र आणि छोटा दिवा होता. खोक्यात डोकावून त्याने सगळी उत्तरे बरोबर दिली. क्षितिज दिसत नसताना केवळ यंत्राकडे पाहून विमान चालवण्याचे शिक्षण यातून उभे राहिले. म्हणजे खुर्चीतल्या माणसाला काय जाणवते याचा साक्षीदार तोच. प्रत्यक्षात काय घडते आहे याचा साक्षीदार तो नव्हे. कॉर्कमध्ये या दोन्ही साक्षी एकच मानून दोन्ही फेकून दिल्या गेल्या.

पहिल्या साक्षीची किंमत काय असते हे १९५२ मध्ये एका अमेरिकन डॉक्टराने लिहून ठेवले. स्ट्रेप्टोमायसिनने त्याच्या दोन्ही कानांतले तोलाचे इंद्रिय निकामी झाले होते; आपल्याकडेही क्षयासाठी ही इंजेक्शने वर्षानुवर्षे टोचली गेली. पलंगावर वाचताना त्याला डोके उशाच्या दोन गजांमध्ये घट्ट अडकवावे लागे, नाहीतर नाडीच्या ठोक्यागणिक पानावरची अक्षरे उडत. एरवी डोके किंचित हलले तरी कानाची खबर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास डोळ्यांना पोहोचते आणि ते तेवढेच उलट सरकतात, म्हणून पान स्थिर दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला त्याच्यात काही बिघडलेले दिसले नसते.

आजच्या डॉक्टरांना याच इतिहासाचा एक ताजा पेच पडला आहे. भोवळीच्या रोग्याला ‘नेमके काय वाटते, खोली फिरते की डोके हलके होते?’ असे विचारून निदान करण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून रुळली. २००७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी इमर्जन्सी विभागातल्या रुग्णांना हाच प्रश्न काही मिनिटांच्या अंतराने दोनदा विचारला, तेव्हा निम्म्यांच्या आसपास लोकांनी दुसऱ्या वेळी वेगळे उत्तर दिले. रुग्णाचे ऐकण्यावर याने पाणी पडते असे वाटेल, पण त्याच रुग्णांची झटका किती वेळ टिकतो आणि कशाने सुरू होतो याची उत्तरे बरीच पक्की होती. प्रश्न चुकीचा विचारला जात होता. कूस बदलली की काही सेकंद जग गरगरते, असे बारानीला एका तरुण स्त्रीने सांगितले होते आणि त्याने ते १९२१ मध्ये नोंदवले. १९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी लंडनमध्ये रोग्याला मान वळवून झटकन मागे आडवे करून डोळे पाहण्याची रीत बसवली. आज कानाचे डॉक्टर आधी रोग्याला विचारतात की कूस बदलताना होते का, आणि मग त्याला तसेच झोपवून डोळ्यांकडे पाहतात.